उजव्या दाढेखालची तूर

पार्वताबाईंच्या ताटात सलग चौथ्या जेवणाला गिचका भात आणि पातळ वरण पडलं, तेव्हा त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं.

"वर्षाली, घरातली ज्वारी सरली का?"

"नाई, आई."

"मंग भाकर काहून नाई?"

वर्षालीनं सासऱ्यांकडे पाहिलं. महादेवरावांनी गोपालकडे पाहिलं. गोपालनं मोबाइलमध्ये पाहिलं. शेवटी तोच पुटपुटला, "काकांनी सांगितलं ना माय. तुह्या जबड्याले आराम पायजे म्हणून."

पार्वताबाईंनी भात कालवला आणि गिळला. चावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ज्या बाईनं छप्पन वर्षांत दाताच्या डॉक्टरची पायरी चढली नाही, जी आजही भाजलेले फुटाणे मूठमूठ खाते, तिच्या जबड्याला आराम! आणि हे सगळं कशावरून, तर एका फोटोवरून. तोही त्यांनी स्वतःच हौसेनं सगळ्यांना दाखवलेला.

हिवरखेडच्या त्या घरात पार्वताबाई सून म्हणून आल्या तेव्हा तूर वाळली की नाही हे त्यांच्या सासूबाई, गोदाबाई, ठरवायच्या. ताडपत्रीवर पसरलेल्या तुरीतला एक दाणा उचलायचा, उजव्या दाढेखाली धरायचा आणि बेतानं दाबायचा. कट्ट आवाज होऊन दोन डाळी वेगळ्या झाल्या तर वाळली. दाणा नुसता चेपला, दाढेला चिकटला, तर आणखी ऊन पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण चेपणं आणि फुटणं यांच्या मधला जो एक दिवस असतो, तो ओळखायला गोदाबाईंना निम्मं आयुष्य लागलं होतं आणि पार्वताबाईंना पाच-सहा वर्षं. सासूबाईंच्या दाढा पडल्या त्या वर्षी त्यांनी मुठीतले दाणे सुनेच्या हातावर ओतले आणि म्हणाल्या, "आता तू पाह्य." बस, एवढंच. हार नाही की तुरा नाही.

तेव्हापासून दरवर्षी पहिली मूठ देवघरातल्या महाराजांच्या फोटोपुढे ठेवून, हात जोडून, मगच पार्वताबाई दाणा तोंडात टाकत. या घरात सातबारा त्यांच्या नावावर नव्हता. ट्रॅक्टर घेताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि पोराची सोयरीक जुळवतानासुद्धा अर्धं ठरल्यावरच विचारलं होतं. पण पोतं शिवायचा दाभण त्यांच्या शब्दावाचून हलत नसे. महादेवरावांसारखा कमी बोलणारा माणूससुद्धा त्या दिवशी ताडपत्रीशेजारी उभा राहून बायकोच्या तोंडाकडे पाहत राही. वर्षातून एकदाच, पण पाही.

तर तो फोटो.

दिवाळीत महादेवरावांचे धाकटे भाऊ भगवंतराव अकोल्याहून सहकुटुंब आले होते. भगवंतराव शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. जठारपेठेत घर. माणूस वाईट नाही, पण निवृत्त झाल्यावर शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नाही, ते आता समोर येईल त्याला शिकवत. त्यांची मुलगी दामिनी अमरावतीला दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. फराळाच्या वेळी ती म्हणाली, "मला माझ्या अभ्यासासाठी अशी माणसं पाहिजेत, ज्यांना काहीच झालेलं नाही. जबडा दुखत नाही, तोंड उघडताना आवाज येत नाही, दात पूर्ण आहेत, अशी."

झालं. तिनं विचारायचा अवकाश, सगळ्यांना आपापली दुखणी आठवली. कोणाची मान, कोणाचा गुडघा, कोणाच्या दाढेत चांदी भरलेली. आपल्याकडे मला काही झालेलं नाही असं म्हणायची माणसाला लाज वाटते, जणू काही आपण घरात कामच करत नाही.

"मले काई नाई झालं," पार्वताबाई म्हणाल्या.

"मोठी आई, तोंड उघडा बरं," दामिनीनं दोन बोटं त्यांच्या दोन्ही कानांपुढे ठेवली. उघडायला लावलं, मिटायला लावलं, डावीकडे-उजवीकडे सरकवायला लावलं. मग दात मोजले. "बत्तीसच्या बत्तीस! तुम्ही तर मला पाहिजेच पाहिजे."

डिसेंबरात पार्वताबाई अमरावतीला गेल्या. राजापेठेत एका शिकवणीच्या वर्गाच्या वरच्या मजल्यावर दामिनीची खोली होती. रात्रभर खाली गाड्या आणि पहाटेपासून पोरांचा कालवा. दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांच्याकडून कागदावर सही घेतली, हनुवटी एका टेकणावर ठेवायला सांगितली, आणि एक यंत्र त्यांच्या डोक्याभोवती गरगर फिरलं. ते फिरत होतं तोवर त्यांनी मनात महाराजांचं नाव घेतलं. अकरा वेळा झालं आणि यंत्र थांबलं.

दामिनीनं पडद्यावर चित्र दाखवलं. कानाच्या अगदी पुढे, जिथं खालचा जबडा वरच्या हाडात बसतो, तिथं हाडाचा एक गोलसर गड्डू. एक उजवीकडे, एक डावीकडे.

"पाहा मोठी आई, उजवा थोडा लहान आहे डाव्यापेक्षा. जवळजवळ दोन मिलीमीटर. आणि खाचेत बसलाय तोही वेगळ्या कोनात." हे सांगताना पोरीचा चेहरा असा खुलला होता की पार्वताबाईंना वाटलं, आपण काहीतरी चांगलंच काम केलं.

त्यांना मात्र गड्डूपेक्षा दात आवडले. एका ओळीत, पांढरे, वरखाली सोळा-सोळा. असे दात एक्स-रेतही उठून दिसतात. त्यांनी तो फोटो मोबाइलवर मागून घेतला आणि घरी आल्यावर वर्षालीला म्हणाल्या, "हे आपल्या घरच्या ग्रुपवर टाक. पाहू दे सगळ्यायले."

फोटोखाली दामिनीनं दोन्ही बाजूंची मापं लिहिलेली होती. ती कोणी पाहिली? भगवंतरावांनी.

सकाळी सातला फोन आला. "वहिनी, तुमचा उजवा सांधा झिजला आहे."

"काय झिजलं?"

"सांधा! आकडे आहेत ना खाली. डावा बरोबर आहे, उजवा लहान झाला. अहो, तीस वर्षं तुम्ही एकाच बाजूनं तूर फोडता. दगड झिजतो, हे तर हाड आहे."

पार्वताबाईंनी दामिनीला फोन लावला. ती घाईत होती, मागे कोणाच्या तरी दाताचं यंत्र घुंई घुंई करत होतं. "काही नाही मोठी आई, नॉर्मल आहे सगळं. असंच असतं," एवढं सांगून तिनं फोन ठेवला. त्यांनी तसं दिराला कळवलं, तर भगवंतराव म्हणाले, "ती अजून शिकून राहिली, वहिनी. आणि तुमच्या तोंडावर कशी सांगेल?"

म्हणजे पोरीनं काढलेलं माप खरं, आणि पोरीनं सांगितलेला त्याचा अर्थ खोटा! या माणसापुढे आता कोणी डोकं फोडायचं?

चार दिवसांत गावभर झालं. शेजारच्या इंदूबाई लसणाचं गरम तेल घेऊनच आल्या. "माय वो, पार्वताबाई, तोंड वाकडं होऊन राहिलं म्हणतात तुमचं?"

"कोण म्हणते?"

"सारंच गाव म्हणते." इंदूबाईंनी त्यांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "हाये वो, हाये. उजवीकडं जराकसं दबेल दिसतेच."

"इंदूबाई, नळाच्या पाण्यावरून तुमी वीस वर्षं याच तोंडासंग भांडल्या. तवा नाई दिसलं दबेल?"

"तवा कोण तोंड पाहे बाप्पा! तवा तर बोलनं ऐकूनच जीव जाये."

इंदूबाई तेल ठेवून गेल्या. संध्याकाळी वर्षालीनं ते गरम केलं. न लावावं तर सून हिरमुसते, लावावं तर उशीला वास. जेवताना सगळं घर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसे. घास कोणत्या बाजूला जातो, हे महादेवराव चष्मा लावून बघत. एवढं लक्ष त्यांनी लग्नातसुद्धा दिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर इतक्या माणसांनी इतके दिवस पाहिल्यावर पार्वताबाईंचा जबडा खरोखरच ठणकायला लागला. सारखं दात आवळून बसल्यावर दुसरं काय होणार?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तूर निघाली. अंगणात मोठी ताडपत्री पडली. त्याच दिवशी भगवंतराव अकोल्याहून हातात एक डबी घेऊन उतरले. ओलावा मोजायची मशीन. दाणे टाका, झाकण फिरवा, आकडा वाचा.

"आता वहिनींना त्रास नको," त्यांनी जाहीर केलं. "यंदापासून हे सांगेल."

पार्वताबाई महाराजांपुढे मूठ ठेवून बाहेर आल्या होत्या. हातात दाणा होता. तो तोंडाकडे जाणार तेवढ्यात भगवंतरावांनी शाळेत पोराला थांबवावं तसा हात आडवा केला. "वहिनी, तोंडात नाही टाकायचं."

"भाऊजी, दाना हाये. सुपारी नाई."

"तेच सांगतोय. एका एका दाण्यानंच झिजतं."

त्यांनी गोपालकडे पाहिलं. गोपाल म्हणाला, "माय, काका तुह्या भल्यासाठीच सांगून राहिले ना." महादेवराव मशीनकडे पाहत होते.

तो दाणा पार्वताबाईंनी पदराच्या टोकाला बांधला आणि घरात गेल्या. आज मुकाट राहिलं तर पुढच्या वर्षी कोणी अडवणारही नाही, कारण कोणी बोलावणारच नाही, हे त्यांना पक्कं कळलं. मशीन येते ती परत जात नाही. जातं गेलं, पाटा गेला, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, उलट हात सुटले होते. पण हे काम त्यांचे हात दुखवत नव्हतं. या कामापायी घर वर्षातून एक दिवस त्यांच्यासाठी थांबत होतं.

आतल्या खोलीत त्यांनी दाणा काढला. मनात भीती शिरलीच होती, म्हणून उजवीकडे न धरता डाव्या दाढेखाली धरला. दाबला. काही कळेना. फुटला की चेपला? दुसरा घेतला. तोही तसाच मुका. जणू दुसऱ्याच बाईच्या तोंडानं चावत होत्या. वर्षालीच्या आरशासमोर उभं राहून त्यांनी आ केला, मिटला, परत आ केला. हनुवटी मधोमध येत होती की नव्हती? आरशातलं तोंड त्यांना आता खरंच वाकडं दिसायला लागलं. "महाराज," त्या हळूच म्हणाल्या, "झिजलं असन तर झिजलं. पण कोन्या तरी एकानं खरं सांगावं."

सांगणारी एकच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वताबाईंनी पिशवी भरली. "मी अमरावतीले चालली. मी येईपर्यंत एक पोतं शिवायचं नाई. शिवलं तर याद राखा." गोपाल काही बोलायच्या आत त्या स्टँडच्या वाटेला लागल्या होत्या.

अकोटला गाडी बदलून, दर्यापूरमार्गे धक्के खात त्या दुपारी राजापेठेत पोहोचल्या. दामिनी खोलीवर जेवायला आली होती. दारात मोठ्या आईला बघून घाबरलीच. सगळं ऐकल्यावर मात्र तिनं कपाळाला हात लावला.

"झिजला? मोठी आई, दुखणं असलेल्या माणसाला मी अभ्यासात घेतलंच नसतं! धडधाकट माणसांचे डावे-उजवे सांधे किती वेगळे असतात, तेच तर मी मोजून राहिले."

"वेगळे असतात म्हंजे? सगळ्यायचे?"

दामिनीनं ताट बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडला. नावं नव्हती, नुसते नंबर. प्रत्येक नंबरापुढे दोन आकडे, उजवा आणि डावा. पार्वताबाईंना वाचता येत होतं. त्यांनी बोट लावून वरून खाली एकेक जोडी वाचली. सत्तेचाळीस माणसं. कोणाचा उजवा मोठा, कोणाचा डावा. कुठे अर्ध्याचा फरक, कुठे दोनाचा. एक जोडीही सारखी नव्हती.

"हे सारे तूर फोडतात का?"

"यातली निम्मी माझ्या वर्गातली पोरं आहेत. त्यांना तूर झाडाला लागते की जमिनीत, तेही माहीत नाही." दामिनीनं त्यांचं चित्र पुन्हा उघडलं. "झिजलेलं हाड वेगळं दिसतं. वरून चपटं होतं, कड खरबरीत होते. तुमची कड पाहा, गुळगुळीत. हा लहानच आहे, लहान झालेला नाही. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जरा लहान असतं की नाही? तसंच."

पार्वताबाईंनी कानापुढे बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. गड्डू बोटाखालून सरकला. दुखलं नाही. किती दिवसांनी दुखलं नाही!

मग त्यांना काहीतरी सुचलं. "तुह्या बाबाचा काढला का फोटो?"

"काढला ना. पण कोणाचा कोणता नंबर, ते मी नाही सांगू शकत. नियम आहे."

"त्यायनं हो म्हटलं तर?"

"तर सांगीन."

"मंग लाव फोन."

दामिनीनं फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडे ताडपत्रीवर तूर ओढल्याचा खरखराट होता. भगवंतराव हिवरखेडलाच होते, मशीन घेऊन.

"बाबा, मोठी आई इथं आल्या आहेत. तुमची मापं विचारून राहिल्या. सांगू का?"

"सांग की! माझ्यात काय लपवायचं? मी दोन्ही बाजूंनी चावतो. बत्तीस वेळा, मोजून. वहिनींना कळू दे बरोबर माप कसं असतं."

"बाबा, तुमचा डावा लहान आहे. फरक दोन पॉइंट सातचा. मोठ्या आईपेक्षा जास्त."

खरखराट थांबला. मग भगवंतराव म्हणाले, "तुमची मशीन चुकली असेल."

"भाऊजी," पार्वताबाई फोनकडे वाकून म्हणाल्या, "मी गेली तवा बरोबर होती का मशीन?"

"तसं नाही वहिनी..." आवाज एकदम खाली आला. "दामिनी, मग मला आता काही मऊ वगैरे खावं लागेल का?"

दामिनी हसू दाबत "नाही हो बाबा, नॉर्मल आहे" म्हणत राहिली, आणि पार्वताबाईंनी डोळे मिटून घेतले. देवानं माणसाला दोन बाजूंचं घडवलं आणि दोन्ही वेगळ्या केल्या, त्यामागे त्याचं काही गणित असेल. पण दिराला घडवताना त्याच्या मनात काय होतं, हे मात्र विचारायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हिवरखेडला उतरल्या. पोती शिवलेली नव्हती, पण उघडी भरून ठेवायची तयारी चालली होती. गोपाल म्हणाला, "माय, मशीननं साडेदहा टक्के ओल दाखवली, बाराच्या आत. वाळली."

"कुठून घेतले दाने?"

"इथून," त्यानं मधला ढीग दाखवला.

पार्वताबाई पाय धुऊन आल्या. मधल्या ढिगातला दाणा उजव्या दाढेखाली धरला. कट्ट. "हे वाळलं. मशीन खरं सांगते." मग त्या ताडपत्रीच्या कडेनं फिरत गोठ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात गेल्या, जिथं दुपारनंतर भिंतीची सावली पडते. खालून हात घालून मूठ काढली. एक दाणा, दुसरा, तिसरा. तोंड हलायचं थांबलं. "हे नाई वाळलं. आनखी दोन दिवस."

"एकाच ताडपत्रीवरची तूर आहे, वहिनी," भगवंतराव म्हणाले. नेहमीपेक्षा आवाज जरा बारीक होता. त्यांनी डबीत तिथले दाणे टाकले, झाकण फिरवलं, आकडा वाचला आणि डबी महादेवरावांच्या हातात दिली. महादेवरावांनी चष्मा सावरून पाहिलं. "चौदा," ते म्हणाले. गोपालनं पोत्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"आता कुठं कुठं मोजायचं, सांग," महादेवराव बायकोला म्हणाले. गोपालच्या लग्नानंतर एवढं मोठं वाक्य ते सगळ्यांदेखत तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असतील.

पार्वताबाईंनी जागा दाखवल्या. गोपालनं फावड्यानं कोपरा ओढून मधोमध पसरला. वर्षालीनं न विचारता आत जाऊन भाकरीसाठी पीठ काढलं, थापण्याचा आवाज येऊ लागला. डबी आता गोपालच्या खिशात होती, आणि तो आईच्या मागे मागे चालत होता. ती म्हणेल तिथले दाणे टाकायचे, एवढंच त्याचं काम.

भगवंतराव मात्र मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे फिरवून तोंड उघडत-मिटत ताडपत्रीच्या ऐन मध्यात येऊन उभे राहिले होते. "वहिनी, पाहा बरं जरा. डावीकडे काही दबल्यासारखं दिसते का?"

"भाऊजी," पार्वताबाई हातातली तूर पसरवत म्हणाल्या, "सरका तिकडं. ऊन अडवून राहिले तुमी."